चौकटीवर बसेल त्याचं दुकान

मी, या कागदाच्या तळाशी सही करणार, वय वर्षे चौपन्न, धंदा पुस्तकबांधणी, शिक्षण शाळेत सातवी आणि पुढचं सगळं बांधायला आलेल्या पुस्तकांतून, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही (या ओळी पट्टी न लावता सरळ आल्या आहेत, पाहून घ्यावं) आणि माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आजार नाही. पण अर्धवट काम टाकून मी कधी दुकानाला कुलूप लावलेलं नाही, हेही त्यातलंच. गल्लीत मला मिलिमीटर म्हणतात. त्याबद्दल तक्रार नाही.

कलम १. राहतं घर पत्नीचं, तिच्यानंतर मुलाचं. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. स्वयंपाकघराच्या खिडकीची बिजागरी तीन मिलिमीटर उतरली आहे. ती मी नीट करीन, असं पत्नी बावीस वर्षं ऐकते आहे. हयातीतच करीन.

कलम २. कागदाची घडी दाबायची वडिलांची हाडाची पट्टी मुलाला. तो गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो, आणि चोख करतो. पट्टी त्याच्या उपयोगाची नाही, म्हणूनच देतो. कामाची वस्तू माणूस झिजवतो, बिनकामाची जपतो.

कलम ३. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने नेलेली मोठी कात्री त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र ती माझी होती, हे त्याला चारचौघांत एकदा ऐकवावं.

कलम ४. दुकान. म्हणजे शिवणाची चौकट (विणकर मागावर बसतो, तसे आम्ही पुस्तकं शिवायला हिच्यावर बसतो), दोन दाबयंत्रं, सोनेरी अक्षरांचे ठसे आणि नमुन्यांची फळी. हे कोणाला, यावरून घरात दोन महिने तोंडं फुगली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

वकिलांचे जाडजूड निकालसंग्रह बांधता बांधता मी ते वाचले. त्यांत दोन इंग्रजी शब्द सारखे भेटत: प्रिसीडन्स आणि प्रिसीडंट. आमच्या शब्दकोशाची शिवण उसवली होती. आधी तो शिवला, मग उघडला. हे मृत्युपत्र तपासणारे वकीलसाहेब परवा म्हणाले, "मिलिमीटर, दोन्हींत आधीचंच काहीतरी असतं हो. जुळे भाऊच ते."

मी म्हटलं, "साहेब, जुळे असतील, पण स्वभाव वेगळे. पहिला विचारतो, आधी कोण? दुसरा विचारतो, आधी कसं केलं होतं?"

माझ्या दुकानात दोघेही भिंतीवर आहेत. दाराजवळच्या खिळ्याला कामाच्या चिठ्ठ्या, ज्याची घाई त्याची चिठ्ठी वर. हा प्रिसीडन्स, रोज बदलतो. आतल्या फळीवर नमुने. कुठलाही संच हाती घेतला की आधी त्याच मापाची, कण्यावर अक्षरं घातलेली एक कोरी प्रत बांधायची, तारीख घालून ठेवायची, आणि पुढचे खंड वीस वर्षांनी आले तरी तिच्याबरहुकूम बांधायचे. हा प्रिसीडंट. कोण पुढे ते खिळा सांगतो. पुढच्याने कसं वागायचं ते फळी सांगते.

वडील गेले तेव्हा दादा म्हणाला, "मी थोरला. आधी मी." आणि दुकानात बसला. आरामखुर्चीला जागा हवी म्हणून त्याने नमुन्यांची फळी काढली. त्याच वर्षी न्यायालयाच्या ग्रंथालयाचे चाळीस खंड आले. दादाने ते अंदाजपंचे बांधले. जुन्या साठ खंडांच्या कण्यांवर अक्षरं वरून खाली उतरत होती, दादाच्या चाळिसांवर ती खालून वर चढली. चाळीसच्या चाळीस परत आले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "निम्मं कपाट मान उजवीकडे वाकवून वाचायचं, निम्मं डावीकडे. वाचकांसाठी मानेचा डॉक्टर नेमू का?"

मी नमुना शोधला. तो दादाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली निघाला. नवं कव्हर चढवायला पुठ्ठ्यावरचा जुना कागद सोलला, तर आत आजोबांचं अक्षर: "दुकान धाकट्याला दिले. थोरल्याचा मान राखून दिले. चौकटीवर बसेल त्याचे दुकान." धाकटा म्हणजे आमचे वडील.

दादाने तो कागद उजेडात धरून तीनदा वाचला. "म्हणजे मी थोरला नाही?"

"आहेस की. पण ते झालं खिळ्याचं. मी फळीचं बोलतोय."

पंच म्हणून आलेल्या म्हाताऱ्या वकिलांनी चौकटीवर रोज कोण बसतं एवढंच विचारलं आणि चहा निवायच्या आत दुकान मला दिलं. फळी मी त्याच दिवशी ठोकली. चाळीस खंड उसवून पुन्हा बांधले, एकही परत आला नाही. तेव्हापासून दादा समोरच्या फुटपाथवरून चालतो.

आता मुलगा म्हणतो, "बाबा, मी थोरला आणि एकुलताही. आधी मीच ना?" पत्नी म्हणते, "पोटच्या पोराला डावलणार?" पण चौकटीवर गेली सात वर्षं बसते माझी पुतणी, दादाची मुलगी. बापाचा फुटपाथ सोडून ती एकटी रस्ता ओलांडून आली होती. "काका, शिकवता का? नाही म्हणालात तर उद्या परत विचारीन." आज तिची शिवण माझ्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने सरळ आहे. हे वाक्य लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं.

ज्या नमुन्यावर मी जिंकलो, तोच मुलाच्या वेळी टेबलाखाली सारला, तर दादाच्या आरामखुर्चीत मीच बसलो म्हणायचं. सबब दुकान, फळीसकट, पुतणीला. मुलाने हे वाचून एवढंच विचारलं, "माझं गॅरेजही मग असंच जाणार?" मी म्हटलं, "हो. तिथेही जो हात काळे करील त्याचं." तो हसला. पत्नी अजून हसलेली नाही. बिजागरी बसवल्यावर पाहू.

कलम ५. साक्षीबाबत. मी दादाला निरोप धाडला. आज तो रस्ता ओलांडून आला. कलम ४ त्याने बोट ठेवून वाचलं.

"म्हणजे ज्या कागदाने मला हरवलंस, त्यानेच माझी पोरगी जिंकली?"

"कागद एकच आहे, दादा."

त्याने चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि म्हणाला, "साक्षीदारांत पहिली सही कोणाची?"

वकीलसाहेब म्हणाले, "कोणाचीही चालेल."

"चालेल कसं? मी थोरला. आधी मी."

मी खुर्ची पुढे केली. हा मान त्याचाच होता, आणि या वेळी तो मी स्वतःच्या हाताने दिला.

लिहून ठेवणार: मिलिमीटर, पुस्तकबांधणीकार (सही)

साक्षीदार क्र. १: थोरले बंधू (सही रेघेबाहेर गेली आहे, तशीच राहू द्यावी)

साक्षीदार क्र. २: वकीलसाहेब (सही)

स्थळ: दुकान, शिवणाच्या चौकटीशेजारी.

दिनांक: नऊ, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

या मृत्युपत्राची एक प्रत पुतणीने शिवून, तारीख घालून, फळीवर ठेवली आहे.