लिडिया स्टॉम्पचा कागद

४ मार्च १९७४, सोमवार

पितळी पाटीमुळे लिहावं लागतंय. एरवी रोजनिशी लिहिण्याची मला सवड नाही, आवडही नाही. अठराव्या रस्त्यावरच्या जुन्या नाचघरावर पाटी बसणार — 'लिडिया स्टॉम्प या जॅझ धुनेचे रचनाकार होरेस पेटिग्रू'. त्याआधी विद्यापीठाच्या डॉ. व्हिटलॉकना मूळ कागद हवाय. कागद माझ्याकडे आहे. अक्षर माझं आहे. आणि माझ्या नवऱ्याने त्यातला एक सूरही रचलेला नाही!

होरेस जाऊन सहा वर्षं झाली. त्याची अब्रू माझ्या कपाटात.

५ मार्च

व्हिटलॉक फोनवर — "मॅडम, एवढी धून त्यांना एका दुपारी सुचली?" म्हटलं, सुचत नसते, होत असते. एकजण चार सूर फुंकतो, शेजारचा उचलतो, ट्रॉम्बोनवाले उलट उत्तर देतात. लिहीत कोणी नाही. सगळं डोक्यात.

छत्तीस साली होरेसचा बँड दौऱ्यावर टल्सा गावी होता, तिथे ही धून तशीच झाली. रेकॉर्ड कंपनीला लेखी प्रत हवी होती. कॉलेजात संगीत शिकलेली मी, म्हणून मीच लिहिली. रचनाकाराची जागा रिकामी होती. "माझं घाल," होरेस म्हणाला. घातलं. मुलीलाही मी हेच सांगत आले.

७ मार्च

एल्बर्ट नॅन्सकडे गेले, वृद्धाश्रमात. बँडचा सॅक्सोफोनवाला; त्यांतला जिवंत एवढाच. पाउंड केक नेला.

"वहिनी, साखर बंद केलीय डॉक्टरांनी. द्या इकडे."

टेप सुरू केली. कागदावरून गुणगुणले. चौथ्या ओळीला हसत सुटला — "इथं तुम्ही आम्हाला चर्चमध्ये नेऊन बसवलंत की! असं आम्ही जन्मात वाजवलं नाही."

मग स्वतः गायला. तो सूर खाली घसरतो आणि दोन सुरांच्या मधेच राहतो. मला तेव्हा तो चुकलेला वाटला. मी सरळ केला! अडतीस वर्षं छापील प्रती चुकीच्या, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या मी.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"कागद बघत होतं कोण, मास्तरीणबाई?"

विचारलं, धून तुमची ना? "सुरुवात माझी. उत्तर हिक्सच्या ट्रॉम्बोनचं. शेवट टबीने ड्रमवर आणला. सहा जणांची आहे. माझं एकट्याचं घातलंत तर बाकीचे पाच कबरीतून उठून येतील भांडायला."

"आणि होरेस?"

"तो बँडच्या बसखाली होता, दुरुस्ती करत. दुपारभर. आत आला तेव्हा नखशिखांत ग्रीस, धून झालेली, आणि तुम्ही कागद टपालात टाकून आलेल्या."

"मग मला नाव घालायला सांगितलं कधी त्याने?"

एल्बर्टने केक माझ्याकडे सरकवला. "तुम्ही पण घ्या ना थोडा."

८ मार्च

दिवसभर पडदे धुतले.

११ मार्च

शेवटी एल्बर्टला फोन केला. होरेसला कळलं कधी?

"रेकॉर्ड आली तेव्हा. लेबलवर आपलं नाव बघून असा भडकला! हे कोणी केलं म्हणून ओरडला. आम्ही तुमचं नाव सांगितलं. मग म्हणाला, कोणी विचारलं तर मीच सांगितलं होतं घालायला. हिक्स त्याच्याशी वर्षभर बोलला नाही. तरी होरेस हेच म्हणत राहिला."

"एल्बर्ट, तुम्ही तरी—"

"भला माणूस होता, वहिनी."

मी फोन ठेवला. नीट आभारही मानले नाहीत.

१४ मार्च

डॉ. व्हिटलॉक यांच्या हाती दिलं: मूळ कागद, एक, चौथी ओळ लाल शाईने दुरुस्त. एल्बर्ट नॅन्सची टेप, एक. रचनाकारांची नावं, सहा. पाटी थांबवण्याची विनंती, सहीनिशी. माझी जबानी, एक पान — होरेसने सांगितलं नव्हतं. त्याचं नाव मी माझ्या मनाने घातलं.

पोच घेतली.