जिलानीच्या दोन दाढा

औसा, ६ जून २०२४

ती. रत्नम्माअक्कास, शि. सा. शरणार्थ वि. वि.

सदऱ्याला गुंड्या लावायची प्रथा ज्या नराधमाने सुरू केली, त्याला भर बाजारात उलटा टांगावा. आज एक गुंडी लावायला पाव तास गेला. शेवटी तुझ्या भावजयीने, उज्वलेने, मला लहान पोरासारखा दम देऊन बाकीच्या लावल्या. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू रचतेस, म्हणून लिहून कळवतो.

तीन आठवड्यांपूर्वी दुकानात शेंगदाण्याचं पोतं उचलताना डाव्या पंज्याला विंचू चावला. तापली सळई हाडात घालून कुणी फिरवावी, तसं झालं. त्याला मापाने ठेचला. मेल्यावरही ठेचत राहिलो, फरशीचा टवका उडाला. विष उतरलं, पण दोन बोटं अजून बधिर आहेत. गार पाणी लागलं की आग होते, पंजा थरथरतो. पूजेला गळ्यातलं इष्टलिंग या डाव्या तळहातावर घ्यावं कसं? परवा निसटलंच होतं, उज्वलेने पदरात झेललं. तेव्हापासून पूजा बंद आहे, अक्का.

दाजींना शरणार्थ. तुझी माया होती तशीच राहू दे.

तुझा,
उमाशंकर

देगलूर, १३ जून

चि. उमाशंकर यास अ. उ. आ.

तुझं विंचूपुराण वाचलं. खरं पुराण शेजारच्या नागम्मानं सांगितलं, ती औशाला लग्नाला गेलती. तुझ्या दुकानाला लागून असलेल्या जिलानी टेलरचा गाल भोपळ्यासारखा सुजला, दोन दाढा गेल्या, अन् त्या तू पाडल्यास म्हणे! चावला एकाला अन् दाढा दुसऱ्याच्या गेल्या, असला विंचू आमच्या देगलुरात न्हाई.

डॉक्टर काय म्हणला, तेही लिहिलं न्हाईस. लहानपणापास्नं तुझं हेच हाय. आधी मारायचं, मग गप बसायचं. खरं काय ते लिही, न्हाईतर मी एस्टीत बसते. आले तर महिनाभर हलायची न्हाई.

उज्वलेला आशीर्वाद. तुलाही, पण खरं लिहिल्यावर.

अक्का

औसा, १९ जून

ती. अक्कास, शि. सा. शरणार्थ.

एस्टीत बसू नकोस, लिहितो.

विंचू चावला तसा गळ्यातल्या लिंगाचा दोरा काढला, तू वळून दिलेला, आणि मनगटाला करकचून आवळला. लिंगाचा दोरा ओलांडायची विषाची काय छाती! पंजा काळानिळा पडला. जिलानी कात्री घेऊन धावत आला, म्हणाला, सोड भाऊ, हात जाईल. दोऱ्याला कात्री लागणार म्हणताच मी चहाचं आलं कुटायचा बत्ता त्याच्या जबड्यावर घातला. तो रक्त थुंकला, माझा दंड गुडघ्याखाली दाबला आणि दोरा कापला. मग शिवायला आलेल्या एका ओढणीने मला पाठीशी बांधून स्कूटरवर दवाखान्यात नेलं. वाटभर त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडत होतं.

डॉक्टर म्हणाला, बोटं विंचवाने नाही, दोऱ्याने मारली. आणखी तासभर आवळलेला राहता, तर पंजा कापावा लागला असता. आता हात चालता ठेवा, महिने लागतील.

तेव्हापासून जिलानी माझ्याशी बोलत नव्हता. त्याला पानाचा लई शौक. आता सुपारी फुटत नाही, म्हणून पान बंद.

काल दुपारी तोच बत्ता घासून धुतला, त्याच्या मशीनपाशी बसलो आणि डाव्या हाताने पान कुटायला घेतलं. निम्मं सांडलं. मी उरलेलं कुटत राहिलो. तो मशीन चालवत राहिला. मग पाय थांबला. त्याने तळवा पुढे केला, पान तोंडात टाकलं, घोळवलं आणि म्हणाला, सुपारी जाड राहिली.

नवा दोरा वळून पाठव, घाई नाही. रागाव, पण विसरू नकोस. पत्र इथेच आवरतो. त्याच्या पानाची वेळ झाली, आणि आज सुपारी बारीक करायची आहे.

तुझा,
उमाशंकर