पाहुण्यांच्या कपातला चहा

ती. आईस,
कंबर धरली आहे, म्हणून साष्टांगाऐवजी उभ्यानेच नमस्कार.

आई, मी लिहितेय ती टीव्हीवरची मालिका बंद पडता पडता वाचली! पहिल्याच भागात गाडं अडलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, "या घरात एकही माणूस वाईट नाही. मग लोक हसणार कशाला?" मी म्हटलं, "आमच्या घरीही कुणी वाईट नव्हतं, तरी रोज तमाशा व्हायचा." आणि तुला न विचारता तुझा राग लिहून टाकला. बाबांना पाहुण्यांच्या कपात चहा देऊन "घ्या ना, संकोच करू नका" म्हणतेस, तो.

तो कप पाहून पडद्यावरचे बाबा असे चरकले, की कॅमेरावाला हसून हसून कॅमेऱ्यासकट हलला. प्रसंग तीनदा घ्यावा लागला! जन्मभर मी लोकांना टोचून हसवलं. कुणाला न बोचताही माणसं इतकी हसतात, हे पन्नाशीत कळलं बघ. सगळे विचारत होते, "असं घर असतं कुठे?" मी ऐटीत सांगितलं, "आमचं आहे की!"

आता पुढचं मोठ्याने वाचू नकोस. ताई सांगत होती, बाबांचं ऑपरेशन झाल्यापासून ते गप्प असतात आणि तूही त्यांना एका शब्दाने बोलत नाहीस. इतकं जपू नकोस गं. डॉक्टरांनी तुला काहीतरी वेगळंच सांगितलंय, असं वाटेल त्यांना. ओला टॉवेल अजून पलंगावरच टाकतात ना? मग उद्या सकाळीच घे चांगलं फैलावर.

तुझीच जीभ लाभलेली,
धाकटी