रुमालाखालचा सौदा

३ फेब्रुवारी १९५७
मनकर्णा सकाळपासून किंचाळायलीय! माझ्या पोरीला चौदावं लागलं. तोंडातून शब्द नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. बायकोनं पाणी दिलं, दूध दिलं, गूळ दिला, शेवटी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी जवळ गेलो तर ओरडणं दुप्पट. मग नीट कान दिला — माझे नवे जोडे करकरायलेत! काढून फेकले. पोर गप्प. हमालीपासून आडतीपर्यंत आलो. सेलूच्या बाजारात मला हुशार म्हणतात. घरात नुसता आनंद!

४ फेब्रुवारी
मेहुणा दत्तराव पेडगावहून आला. म्हणे, "दाजी, हिला देवस्थानी ठेवू. अशी लय हायत तिथं. लोक सांभाळतात." काय सांभाळतात! साखळीनं बांधलेली पाहिलीत मी. बायको पदरात तोंड घालून बसली. "हिला काय पाह्यजे एवढं तरी कळलं असतं..." इतकंच बोलली. दत्तराव रविवारी गाडी घेऊन येणार.

५ फेब्रुवारी
आज कापसाचा सौदा. नेहमीसारखे माझे नि विकणाऱ्याचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव. तोंड बंद, नजर भलतीकडे. एकदम डोक्यात आलं — अरे, ही तर मनकर्णाचीच रीत! बोलायचं नाही, बघायचं नाही, तरी कळतं! त्या भरात एक बोट जास्त दाबलं. कापूस महाग पडला. पडू दे.

६ फेब्रुवारी
एक बोट म्हणजे भाकर, दोन बोटं म्हणजे दूध. मनकर्णापुढं रुमाल टाकला, हात पुढं केला. तिनं रुमाल उचलून माझ्याच डोक्यावर टाकला.

७ फेब्रुवारी
बायको म्हणाली, "पोरीला शिकवायच्या आधी सोताला शिकवा. तोंड चालूच हाय तुमचं!" खरं आहे. मग पोरीसमोर आम्हीच दोघं बसलो. मुकाट्यानं. मी रुमालाखालून भाकर मागितली, बायकोनं दूध दिलं. पुन्हा मागितली, पुन्हा दूध! तेवढ्यात शेजारची केवळाबाई विरजण मागायला आली. नवरा-बायकोचे हात रुमालाखाली. "या बया! ह्या वयात!" — विरजण न घेताच पळाली.
मनकर्णा मात्र तिरप्या नजरेनं रुमालाकडं बघायली होती.

९ फेब्रुवारी
हात आला! आपणहून, रुमालाखाली. दोन बोटं! बायको धावली, निम्मं दूध वाटेत सांडलं. प्याली. पुन्हा दोन बोटं. पुन्हा प्याली. पुन्हा दोन! म्हशीची दया आली. बायको हसत होती का रडत, मला ठरवता आलं नाही.

१० फेब्रुवारी
दत्तराव गाडी घेऊन हजर. "चल गं पोरी!" म्हणून दंड धरला. घर डोक्यावर घेतलं तिनं! मी म्हटलं, दंड सोड, गप बस, हात रुमालाखाली घाल. त्यानं घातला. मग तिनं त्याचं एक बोट दाबलं. बायकोनं भाकर आणली, पोर निवांत खात बसली. मी म्हटलं, दत्तराव, पोर कुठं जात नाही.
तो हात रुमालाखालून काढीनाच.

११ फेब्रुवारी
दत्तराव रात्री इथंच राहिला. आत्ता चहा घेताना म्हणाला, "दाजी, आमची पोर बायना, ती बी हिच्यासारखीच. मावशीकडं हाय म्हणून सांगत आलो. तिथं न्हाई ती. देवस्थानी हाय."
गाडी जुंपतोय. आणायला निघालो.