डावी कूस

सोमवार, संध्याकाळ

खुब्याचा सांधा शाबूत आहे, बाहेरचा स्नायू दुखावलाय, ऑपरेशन नको, असं डॉक्टरांनी आज तपासून सांगितलं. व्यायाम करायचा, झोपताना उजवी कूस आणि गुडघ्यांत उशी. जेवणानंतरची वामकुक्षी बंद. इतकी वर्षं पचनासाठी म्हणून त्याच दुखऱ्या बाजूवर पडत आलो.

तरी भीती जात नाही. पाचोऱ्याच्या अक्काचा खुबा बदलला, पण वॉकर सुटला नाही. तिला फोन केला.

"मना सांधाच झिजेल व्हता," ती म्हणाली. "पेपरमा बठ्ठास्ले धीर देस, अन् उशीले घाबरस?"

पेपरातून सगळ्यांना धीर देणारा मी! हसलो. मग ओट्याला धरून डाव्या पायावर उभा राहिलो. पाय थरथरला. थरथर हळूहळू कमी होईल, म्हणाले डॉक्टर. नाहीच झाली तर? बातमीदार असून विचारलं नाही. पुढच्या सोमवारी विचारावं लागेल.