सोबतकार्ड

१ सप्टेंबर, मंगळवार

अध्यक्ष झाले! हात वर करून निवडलं. चौदा हात. पंधरावा माझा होता, तो मुद्दाम खाली ठेवला. बरं दिसत नाही.

आमच्यासारख्या हंगामामागे फिरणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळेची वेगळी योजना आहे, आणि योजनेला पालकांची सल्लागार समिती असलीच पाहिजे असा नियम आहे म्हणे. आजवर समिती म्हणजे बिस्किटं आणि हजेरीच्या कागदावर सही. योजनेच्या बाई हसत हसत वाचून दाखवतात, आम्ही माना डोलावतो, सगळे खूश. आता तसं चालायचं नाही. सहा वर्षं पॅकिंगच्या पट्ट्यावर सफरचंदं निवडतेय मी. डाग कुठे आहे ते मला बरोबर दिसतं.

इथली भाषा मला कामापुरतीच येते — खोका, पटापट, जेवणाची सुट्टी. म्हणून मोठीला शेजारी बसवलं होतं. आठवीतली पोर, पण काय बोलते! बाई म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून शाळेतर्फे दुभाषी देऊ. मी म्हटलं, कशाला? माझी मुलगी आहे की!

घरी आल्यावर यांनी विचारलं, "मग अध्यक्षीणबाई, आज चहा आम्हीच टाकायचा का?" म्हटलं, टाका. साखर बेताची.

३ सप्टेंबर, गुरुवार

मागणी काय करायची ते आज पट्ट्यावर उभ्या उभ्याच ठरलं.

मोठी आतापर्यंत तीन शाळांत टक्केवारी शिकली. तिन्ही वेळा पहिल्या उदाहरणापासून! नवी शाळा म्हणते, आधीचे कागद कुठे आहेत? कागद मागच्या शाळेत. मग बसा खालच्या तुकडीत. पोरीला बीजगणित शिकायचंय, वरच्या तुकडीत बसायचंय. शेकडा बारा म्हटलं की आता ती जांभई देते.

ऑक्टोबर संपला की इथलं काम संपेल, आम्ही पुढे संत्र्यांकडे. या खेपेला तिच्या हातात असा कागद हवा की नव्या शाळेने तिला मुकाट्याने वरच्या तुकडीत घ्यावं. तिलाच काय, आमच्या खोल्यांच्या ओळीतल्या सव्वीसच्या सव्वीस पोरांना तसा कागद हवा. मी तो मिळवणार. बस्स.

८ सप्टेंबर, मंगळवार

मीटिंग. आज तोंड सोडलं. "आमची पोरं काय इस्त्रीचे कपडे आहेत का? जाईल तिथे पुन्हा पाणी मारायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू!" चांगली पाच मिनिटं बोलले. मोठीने दोन वाक्यांत आटोपलं.

बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलंस गं? तर म्हणे, "नम्र विनंती आहे असं म्हटलं." नम्र! मी! हसून हसून पोट दुखलं.

पण बाईंनी लिहून घेतलं. आधी कधी पेनाचं टोपणसुद्धा काढत नव्हत्या.

१० सप्टेंबर, गुरुवार

बाईंच्या वरच्या साहेबांकडे गेलो, मी आणि मोठी. बसने दीड तास. साहेब नव्हते.

१५ सप्टेंबर, मंगळवार

नाव ठरलं — सोबतकार्ड. मीच सुचवलं. पोर जाईल तिथे कार्ड जाईल. कोणता धडा शिकून झाला, कोणता राहिला, सगळं त्यावर. नव्या शाळेने कार्ड बघायचं आणि पुढे शिकवायचं.

सकाळी निघताना मोठी म्हणाली, "आई, आज गणिताची चाचणी आहे." म्हटलं, अगं, तासाभराचं काम, आलोच आपण. मीटिंग जेवणाच्या सुट्टीनंतरही चालली. असो. एवढी हुशार पोर, सर नंतर घेतील की तिची.

१७ सप्टेंबर, गुरुवार

पलीकडच्या शेडमधल्या पालकांना कार्ड समजावलं. ते तिसरीच भाषा बोलतात! मोठी इथल्या भाषेत सांगायची, मग त्यांचा एक ड्रायव्हर त्यांच्या भाषेत. विनोद सांगितला तर तो तिथपर्यंत पोचायला एवढा वेळ लागायचा की तोवर मी पुढच्या मुद्द्यावर. मग मधेच सगळे हसायचे. मजा आली. सगळ्यांच्या सह्या मिळाल्या.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आज भांडले. समोरच्या खोलीतली जुळ्यांची आई — तिची थोरली चौथीत आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस तिला घरी ठेवते, जुळ्यांना सांभाळायला. दारात उभी राहून सुनावलं, "स्वतःच्या सोयीसाठी पोरीचं नुकसान करतेस? लाज वाटत नाही?" आजूबाजूच्या दोन-तीन बायका बाहेर आल्या. ती खाली बघत म्हणाली, "ताई, मी तरी काय करू? दुसरं कोण आहे मला?"

कोण आहे म्हणे! जीव वरखाली होतो माझा असं बघितलं की. बोलले ते बोलले. मला पश्चात्ताप नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार

मोठी मीटिंग. साहेब स्वतः आले होते. त्यांची शंका एकच — तुमचं कार्ड दुसऱ्या शाळा खरं कशावरून मानतील?

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. म्हटलं, कार्डावर खोटं काही लिहायचंच नाही. पोर दहापेक्षा जास्त दिवस गैरहजर असेल, तर धडे पूर्ण झाले असं लिहू नका. कोणाचीही असो. मोठी जरा थांबली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, शब्द शोधतेय. मग तिने सांगितलं, नीट, एकेक शब्द. साहेबांनी मान हलवली.

आणि दुसरं — गैरहजेरीच्या कारणाचा रकाना. तो पोरांनी स्वतः भरायचा, आणि घरच्या भाषेत. म्हणजे आईबापांना वाचता येईल, आणि वाचून वाटली तर लाजही वाटेल. जुळ्यांची आई मागच्या बाकावर होती. तिला ऐकू जाईल असंच बोलले.

दोन्ही मंजूर! साहेबांनी उठून माझ्याशी हात मिळवला. माझ्या हातांना सफरचंदांवरच्या मेणाचा वास येत होता, पण मी हात मागे घेतला नाही.

२४ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा साहेबांचं ऑफिस. मसुदा. मोठीने तिथेच बसून आमच्या भाषेतली सगळी बाजू लिहिली. काय अक्षर आहे पोरीचं!

२९ सप्टेंबर, मंगळवार

मीटिंग. रात्री जेवताना यांनी विचारलं, "मंगळवारी हिला शाळा नसते का?" म्हटलं, अहो, शाळेच्याच तर कामाला येते ती! आणि साहेबांसमोर बसून बोलते, ते काय कमी शिक्षण आहे? यांनी भाजी संपली का, एवढंच विचारलं.

१ ऑक्टोबर, गुरुवार

छापखाना. पिवळा कागद घ्यायचा की निळा, यावर अर्धा दिवस गेला. निळा. मोठीची निवड.

६ ऑक्टोबर, मंगळवार

झालं! आमच्या वाटेवरच्या एकोणचाळीस शाळांनी लेखी कळवलं — कार्ड मानू. बाईंनी यादी वाचली आणि मोठी एकेक गाव माझ्या कानात सांगत गेली. त्यातल्या निम्म्या गावांत आम्ही राहून आलोय. प्रत्येक गावात पोरगी पहिल्या दिवशी रडत घरी आली होती.

नंतर स्वच्छतागृहात जाऊन मीही मनसोक्त रडले. तोंड धुतलं, बाहेर आले, दुपारची पाळी केली. पट्ट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम ओरडला, तरी वाजवल्या. इतकी वर्षं या गावातून त्या गावात नुसती गाठोडी बांधली. आज पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी केलं.

११ ऑक्टोबर, रविवार

मोठी हल्ली गप्प असते. हे वयच तसं. मी म्हटलं, आता बीजगणित येईल ना, मग बघ. ती "हं" म्हणाली.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

कार्ड भरायचं कसं ते शिक्षकांना दाखवायचा कार्यक्रम. व्यासपीठावर मी आणि मोठी. मी बोलत गेले, ती सांगत गेली. गणिताचे सर पहिल्या रांगेत होते. सबंध वेळ मोठीकडेच बघत होते. कौतुक, दुसरं काय!

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

कार्डं आली. काल पोरांनी वर्गात बसून आपापले रकाने भरलेत. अध्यक्ष म्हणून सव्वीसही माझ्याकडे सहीला.

जुळ्यांच्या थोरलीचं — नऊ दिवस गैरहजर. धडे पूर्ण.

आमच्या मोठीचं — अकरा दिवस. टक्केवारी पूर्ण नाही. पुढच्या शाळेत खालची तुकडी.

कारणाच्या रकान्यात तिचं सुरेख अक्षर, मला वाचता यावं म्हणून आपल्या भाषेत — आईबरोबर. आईबरोबर. आईबरोबर. अकरा वेळा.

खाली सहीच्या दोन जागा. एक पालकाची, एक समितीच्या अध्यक्षांची. दोन्हीकडे मलाच सही करायची आहे.