स्टिअरिंगवरचं बोट

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजही नाही उचललं.

टपालपेटीशी वळले तर समोरून डेसची पांढरी गाडी. उजवा हात स्टिअरिंगवर, बोटं आवळलेली, नजर नाकासमोर. जणू समोरून माणूस नाही, नुसता धुळीचा लोट येतोय. मग मीही नाही उचललं. गेल्या हिवाळ्यापासून मी बंदच केलंय. त्याची गाडी दिसली की आधीच मूठ घट्ट करते. पहिल्यांदा जीव तुटला होता, आता सवय झाली.

या मुलखात शिष्टाचार म्हणून एवढंच उरलंय – समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट वर. हात हलवायचा नाही, दात काढायचे नाहीत, तो शहरी आगाऊपणा. एक बोट, बस्स. ओळखीचा असो, दूधवाला असो, वाट चुकलेला पर्यटक असो. ते न उचलणं म्हणजे तोंडावर दार लावून घेणं. डेस ट्रेलोअरने चाळीस वर्षं मला बोट उचललं. माझा नवरा क्लाइव्ह गेला तेव्हा शवपेटीला पुढून खांदा त्याचा होता. बांधाला बांध लागून आमचा, या कच्च्या रस्त्यावर घरं दोनच. आणि माझ्या टेकडीवरच्या चार पवनचक्क्यांपायी हे!

दमले मी. रागावून रागावून माणूस दमतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

गावात गेले. दुकानात आता गल्ल्यावर माणूस नाही. आपलं आपण सामान यंत्राला दाखवायचं, ते ओरडणार – 'पिशवीत नको असलेली वस्तू आहे'. नको असलेली वस्तू मीच होते. शेवटी बेव धावत आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आठवीत तिला दोनदा नापास केलं होतं. म्हणाली, बाई, त्याला धपाटा घालायचा असतो, शाळेत तुम्ही घालायचात तसा. मी कधी कुणाला धपाटा घातला नाही. पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

दवाखान्यात पाऊण तास बसले. एक बाप्या फोन मोठ्याने लावून आपल्या मूळव्याधीची कहाणी बहिणीला ऐकवत होता. खिशात चंद्रावर यान पाठवण्याइतकी अक्कल घेऊन फिरतात माणसं, आणि तिचा उपयोग काय, तर हा! इअरफोन नावाची चीज आपण शोधून काढलीय याचा सगळ्या मानवजातीला विसर पडलाय.

पेट्रोल पंपामागे विजेच्या गाड्या चार्ज करायला दोन जागा आहेत. एकीत गाडी भरून उभी, मालक पबमध्ये. दुसरीत डिझेलची गाडी लावलेली, सावली आहे म्हणून. स्वच्छ ऊर्जा आली खरी, माणूस तोच राहिला.

बेवने विचारलं, डेसचं आणि तुमचं काही बिनसलंय का? तो अग्निशमन दलाचं कप्तानपद सोडतोय म्हणे. मी म्हटलं, त्यालाच विचार. कारण मला ठाऊक आहे. पवनचक्कीच्या कंपनीने दलाला नवी गाडी दिली. त्या गाडीला हात लावायचा नसेल त्याला.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

वादळाने लाल निलगिरी आडवी झाली, आमच्या दोघांच्या कुंपणावर. त्याच्या मेंढ्या माझ्याकडे, माझ्या त्याच्याकडे. पूर्वी असं झालं की डेस करवत घेऊन यायचा, क्लाइव्ह तारा ताणायचा, मी आणि त्याची बायको नोरीन बंबाएवढी चहाची किटली घेऊन जायचो. दिवस मजेत जायचा. कुंपण निम्मं त्याचं निम्मं आपलं, ही इथली रीत.

मी मेसेज केला, चांगला पाच ओळींचा. झाड कुठे पडलंय, मेंढ्या किती, तुला कधी जमेल. उत्तर आलं – 'k'.

एक अक्षर! तेही लहान लिपीतलं! चाळीस वर्षांच्या शेजाराचा भाव एक अक्षर.

दुपारी ठेकेदाराची माणसं आली. झाड कापलं, तारा ताणल्या, मेंढ्या वेगळ्या केल्या, गेली. ट्रेलोअरसाहेबांनी पाठवलंय म्हणाली. म्हणजे माणूस पाठवेल, पण स्वतः माझ्या बांधावर पाय ठेवणार नाही. चहाची किटली तशीच भरून ठेवली होती मी. ओतून दिली.


शनिवार, १५ फेब्रुवारी

इथला ऐन उन्हाळा, चाळिशीच्या वर ऊन. घरावरच्या सौर पॅनेलचं ॲप आनंदाने हिरवंगार झालंय. आनंद मानायला आणखी कोण आहे घरात!


रविवार, १६ फेब्रुवारी

चर्चबाहेर पुन्हा तेच. चक्क्यांमुळे कोंबड्या अंडी घालत नाहीत, इति मिसेस वॉरबर्टन. मी तिला विचारलं, कोंबड्या किती वर्षांच्या? सात. सात वर्षांच्या कोंबडीने काय, पिल्लांना गोष्टी सांगायच्या? पण शास्त्र गेलं चुलीत. ज्याला कारण हवं असतं त्याला ते टेकडीवर दिसतंच, चांगलं दीडशे मीटर उंच.

मुळात मी कंपनीच्या करारावर सही केली ती या सगळ्यासाठीच. तीस वर्षं मुलांना शिकवलं – कोळसा जाळला की काय होतं, वारा कुठून येतो, ऊर्जा मरत नाही, रूप बदलते. मग कंपनीची माणसं दारात आली तेव्हा 'नको, माझ्या टेकडीवर नको' म्हणायचं? आपणच लिहिलेला धडा आपणच पुसायचा? क्लाइव्ह असता तर हसला असता आणि सही केली असती.

पाती आली तो दिवस आठवतो. एकेक पातं आगगाडीच्या डब्यांच्या माळेएवढं, चालत्या माणसाच्या वेगाने गावातून गेलं. लोक घडीच्या खुर्च्या, सँडविच, कुत्री घेऊन रस्त्याकडेला बसले होते. विरोध करणारे पहिल्या रांगेत! डेस पलीकडे एकटा उभा, हात खिशात. मी रस्ता ओलांडून गेले, हात पुढे केला. म्हटलं, झालं ते झालं, आपण शेजारी आहोत. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. खिशातून हात काढला नाही. "काळजी घे, ग्लेनिस," म्हणाला आणि गेला.

तिथपासून हे. तेव्हापासून तो गावाला जातानाही हायवे धरत नाही. फाट्यापर्यंतचा रस्ता एकच, तिथून मात्र नदीकाठच्या खड्ड्यांतून जातो. माझ्या चक्क्या डोळ्यांसमोर नकोत, दुसरं काय!


गुरुवार, २७ फेब्रुवारी

हात अजून काळे आहेत. साबणाने निघत नाही.

दुपारी टेकडीखालचं गवत पेटलं. चक्कीमुळे नाही – आधीच लिहून ठेवते – रस्त्यावर कुणीतरी सिगारेट फेकली होती. थोटूक सापडलं. खिडकीतून हात काढून जळकं थोटूक फेकायचं, उन्हाळ्यात, वाळल्या गवतात! अशा माणसाला काय शिकवायचं आणि कोणत्या इयत्तेत?

दल आलं. नवी गाडी, पोरंपोरी, दोघी तर माझ्याच शाळेच्या. मी ओली पोती घेऊन धावत होते. वारा पश्चिमेचा. मेंढ्यांच्या वाड्यापासून हातभर अंतरावर आग थांबवली त्यांनी.

आणि डेस रस्त्यावर होता. गाडीत. इंजिन चालू, वायरलेसवर बोलत, हात स्टिअरिंगवर. उतरला नाही. मागे मोठा वणवा लागला त्या वर्षी याच माणसाने क्लाइव्हला धुरातून फरफटत बाहेर काढलं होतं. आज माझं गवत जळताना त्याने दार उघडलं नाही. मी शंभर पावलांवर उभी होते. त्याने पाहिलं मला. मान खाली घातली.

इतके दिवस वाटायचं, अबोला आहे, सुटेल. वेळ पडली तर धावून येईल. वेळ पडली. नाही आला.

इथे एकटीने राहायचं ते शेजाराच्या जिवावर. ॲम्ब्युलन्सला तास लागतो, फोनला रेंज नसते. शेजार गेला तर उरतात भिंती.

खूप रडले. चक्क्या आपल्या फिरतायत.


शनिवार, १ मार्च

कर्स्टनला फोन केला. म्हटलं, शेत विकते. बॅलरॅटला तुझ्याजवळ येते.  पोरगी म्हणाली, "आई, नक्की ना? तू म्हणायचीस, मला इथून पेटीतूनच न्या." म्हटलं, पेटीला खांदा द्यायला तरी कोण आहे इथे. तिने पुढे विचारलं नाही. शहाणी आहे.


बुधवार, ५ मार्च

भर दुपारी, वारा सुटलेला, आणि चारही चक्क्या उभ्या. मिसेस वॉरबर्टनचा लगेच फोन, बघा, बंद पडल्या तुमच्या! तिला समजावलं – राज्यभर सगळ्यांच्या छपरावर ऊन पडलंय, वीज एवढी झालीय की घ्यायला कुणी नाही. म्हणून मुद्दाम थांबवतात. बिघडलेल्या नाहीत.

म्हणाली, बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार, थांबवलीय की थांबलीय?

आयुष्यात पहिल्यांदा ती बाई शहाण्यासारखं बोलली. मी फोन ठेवला आणि कपाटं आवरायला घेतली. क्लाइव्हचे रबरी बूट. टाकवत नाहीत, नेववत नाहीत.


शुक्रवार, १४ मार्च

ब्रेडन येऊन फाटकावर 'विकणे आहे'चा फलक ठोकून गेला. हाही माझाच विद्यार्थी, जमिनींचा दलाल झालाय. आता फोनवर ड्रोनने काढलेली माझ्या शेताची फिल्म दाखवतो. वरून सगळं किती शांत दिसतं! दोन घरं, मध्ये एक कुंपण. वाटावं, काय गोडीगुलाबीने राहत असतील ही माणसं.

म्हणाला, "बाई, ट्रेलोअरांना सांगितलंत? शेजाऱ्याला आधी सांगतात." 

म्हटलं, त्याला वाचता येतं.

नोरीन दुकानात दिसली. मला बघून घाईघाईने दुसऱ्या रांगेत गेली. तीही! हात दाखवून अवलक्षण नको म्हणून मीही हाक मारली नाही.


रविवार, १६ मार्च

ब्रेडनला फोन केला. उद्या फलक काढून ने म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते.

सकाळी डेस आला. गाडी नोरीन चालवत होती. तो फाटकाशी उतरला, फलक वाचला, माझी वाट बघत उभा राहिला. मी मुद्दाम सावकाश गेले. तोंडात शब्द तयार होते.

त्याने उजवा हात खिशातून काढला आणि फाटकावर ठेवला. फाटकाची साखळी वाजायला लागली. थांबेचना.

कंपवात. दोन वर्षं होऊन गेली. नोरीनशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गाडीचा परवाना जाईल, मग मुलगा शेत विकायला लावील, म्हणून. स्टिअरिंग आवळून धरलं की जरा थांबतो म्हणाला. एक बोट उचललं की सगळा हात सुटतो. फोनवर एका अक्षराच्या पुढे जाता येत नाही. आगीच्या दिवशी पायही उचलेना, दार उघडून तोंडावर पडलो असतो म्हणाला, आणि पोरं आग सोडून माझ्याकडे धावली असती. काल परवाना स्वतः जाऊन परत केला. चक्क्यांचं विचारलं तर त्याला हसू आलं. त्यालाही हव्या होत्या, पण कंपनीने त्याची टेकडी बुटकी ठरवली.

मग म्हणाला, "रस्त्यावर कुणी समोर यायला नको म्हणून नदीकाठाने जायचो. पण फाट्यापर्यंत तू भेटायचीस. आणि मग तू आपणहून बोट उचलायचं बंद केलंस. मी नोरीनला म्हटलं, ग्लेनिसने ओळखलंय. मला उलट उचलावं लागू नये म्हणून करतेय. आख्ख्या गावात एकटी तू. तुझे फार उपकार झाले."

साखळी वाजत होती. त्याने विचारलं, "ओळखलं होतंस ना?"

मी "हो" म्हणाले.